प्रकाशानें घेतलेली नाडी

मनुष्याच्या देहांत काय चाललें आहे हें त्या देहाला न दुखवितां बाहेरून ओळखावें, ही वैद्यकाची फार जुनी आकांक्षा आहे. रोग्याच्या मनगटावर तीन बोटें ठेवून वैद्य स्तब्ध बसे, तेव्हां तो हेंच साधण्याचा यत्न करीत असे. या आकांक्षेच्या इतिहासांतील एक अगदीं अलीकडचें प्रकरण आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. केसासारख्या बारीक कांचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूंतून प्रकाश खेळवावयाचा, तो तंतु कापडांत विणून अंगावर घालावयाचा, आणि त्या प्रकाशांत होणाऱ्या फरकांवरून श्वास, नाडी व उष्णता वाचावयाची, अशी ही विद्या आहे. विषय ऐकावयास परका वाटेल. परंतु अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचा धाग्याशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा जो संबंध आहे, आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांत प्रकाशानें देह मोजण्याचा जो अनुभव त्यांना आला, तो पाहतां वऱ्हाडच्या मनुष्यानें या विषयाकडे परकेपणानें पाहण्याचें कांहीं कारण नाहीं.

प्रथम नाडीचीच गोष्ट घेऊं. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीला प्राण्यांच्या चालींच्या उपमा दिल्या आहेत. वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंसासारखी संथ. या उपमा काव्य म्हणून गोड आहेत. परंतु त्यांत एक अडचण होती. एका वैद्याच्या बोटांना जो सर्प वाटला तो दुसऱ्याच्या बोटांना तसाच वाटेल याची खातरी नव्हती. बोटांचें ज्ञान बोटांबरोबर जात असे. युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं सांतोरिओ या इटालियन वैद्यानें लंबकाच्या दोरीची लांबी कमीजास्त करून नाडीचा वेग मोजण्याची युक्ति काढली, आणि १८६० सालीं एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें मनगटावर बांधावयाचें एक यंत्र तयार केलें. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्यांतील तरफ हाले आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. वैद्याच्या बोटांतील ज्ञान कागदावर उतरलें, आणि दोन वैद्यांना एकच नाडी एका वेळीं पाहतां येऊं लागली. अंगावर बांधून देहाची वार्ता घेणाऱ्या यंत्रांचा मूळपुरुष म्हणून मारेच्या या यंत्राकडे बोट दाखवितां येईल.

मारेचें यंत्र ठोका मोजी, परंतु रक्तांत प्राणवायु किती आहे हें त्याला कळत नसे. तें काम पुढें प्रकाशानें केलें. प्राणवायूनें भरलेलें रक्त लालभडक दिसतें आणि प्राणवायु गमावलेलें रक्त काळसर दिसतें, हें आपण सारे जाणतों. या साध्या निरीक्षणाच्या पोटीं एक मोठी शक्यता होती. कानाच्या पाळीतून किंवा बोटांतून प्रकाश आरपार सोडला आणि पलीकडे किती पोहोंचला तें मोजलें, तर रक्ताचा रंग, आणि रंगावरून प्राणवायु, सुई न टोंचतां कळावा. जर्मनींत कार्ल मात्थेस यानें १९३५ मध्यें दोन रंगांचा प्रकाश वापरून कानाला लावण्याचें असें यंत्र केलें. ग्लेन मिलिकन यानें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४२ च्या सुमारास, उंचावर जाणाऱ्या वैमानिकांसाठीं हलकें यंत्र तयार करून त्याला ऑक्सिमीटर हें नांव दिलें. परंतु या यंत्रांत एक मोठा दोष राहिला. कातडी, मांस, हाड हीं सर्वच प्रकाश शोषून घेतात. त्यांतून एकट्या रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढावा?

या प्रश्नाचें उत्तर जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्यानें १९७४ मध्यें दिलें. तो वस्तुतः निराळ्याच प्रयोगांत गुंतला होता, आणि नाडीच्या ठोक्यांमुळें त्याच्या मोजमापांत एक बारीकशी थरथर येऊन व्यत्यय होत होता. ती थरथर काढून टाकण्याच्या खटाटोपांत त्याच्या ध्यानीं आलें कीं, हाड आणि कातडी ठोक्यागणिक बदलत नाहींत. बदलतें तें केवळ धमनीतील रक्त. मग जो भाग थरथरतो तेवढाच मोजावा! ज्याला तो अडथळा समजत होता तेंच त्याचें साधन झालें. आज बोटाला चिमट्यासारखें लावतात तें यंत्र याच एका विचारावर उभें आहे.

आतां तंतूकडे वळूं. प्रकाश सरळ रेषेंत जातो हें शाळेंत शिकविलेलें सत्य आहे. परंतु त्याला वळवितांहि येतें. जिनीव्हाच्या दानिएल कोलादाँ यानें १८४१ च्या सुमारास, आणि लंडनमध्यें जॉन टिंडल यानें १८५४ मध्यें, पाण्याच्या वळत्या धारेंत प्रकाश सोडून तो धारेबरोबरच वळतो असें दाखविलें. पाण्याच्या आंतील बाजूनें तिरकस येणारा किरण हवेच्या सीमेवर आपटून पुनः आंतच परततो. असा आपटत आपटत तो धारेच्या शेवटापर्यंत जातो. पाण्याच्या धारेऐवजीं कांचेचा धागा घेतला कीं प्रकाशाची पाइपलाइन तयार झाली. चार्ल्स व्हर्नन बॉइज यानें १८८७ मध्यें वितळलेल्या स्फटिकाचा थेंब बाणाला चिकटवून तो बाण सोडला, आणि त्या बाणामागें डोळ्यांना जेमतेम दिसणारा तंतु ओढला गेला. म्युनिकचा वैद्यकीय विद्यार्थी हाइनरिख लाम यानें १९३० मध्यें असे तंतु एकत्र बांधून त्यांतून दिव्याच्या तारेचें चित्र पलीकडे पोंचविलें. त्याचा हेतु शुद्ध वैद्यकीय होता; रोग्याच्या पोटांत डोकावून पाहावें एवढीच त्याची इच्छा होती. पुढें जर्मनींतील ज्यूद्वेष्ट्या राजवटीमुळें त्याला देश सोडून अमेरिकेंत जावें लागलें आणि तें काम तेथेंच थांबलें.

तें सूत्र पुनः हातीं घेणाऱ्यांत एक भारतीय होता. पंजाबांत मोगा येथें १९२६ मध्यें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हेरल्ड हॉपकिन्स यांच्याजवळ संशोधन करीत होते. त्या दोघांचा लेख आणि हॉलंडच्या व्हान हील यांचा लेख असे दोन्ही ‘नेचर’ नियतकालिकाच्या जानेवारी १९५४ च्या एकाच अंकांत प्रसिद्ध झाले. व्हान हील यांनीं सुचविलेली एक गोष्ट फार मोलाची ठरली: तंतूवर दुसऱ्या पारदर्शक पदार्थाचें आवरण घालावें, म्हणजे शेजारच्या तंतूला स्पर्श झाला तरी प्रकाश गळणार नाहीं. असें कांचेचें आवरण घातलेले तंतु वापरून बेसिल हर्शोविट्झ यांनीं १९५७ मध्यें पोटांत उतरवितां येणारी दुर्बीण सिद्ध केली. लामची इच्छा सत्तावीस वर्षांनीं पुरी झाली. आणि श्रोतेहो, येथेंच आपल्या कथेचे दोन्ही धागे एकत्र येतात. अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९७६ मध्यें कानाला लावण्याचा जो ऑक्सिमीटर आणला, त्यांत आठ निरनिराळ्या रंगांचा प्रकाश तंतूंच्या जुडग्यांतूनच कानापर्यंत नेलेला होता. यंत्र अवजड होतें, कान आधीं ऊन करावा लागे, आणि किंमतहि भारी. म्हणून तें मोठ्या रुग्णालयांपुरतेंच राहिलें. पुढें लहान प्रकाशदीप निघाल्यावर तंतूची गरज उरली नाहीं आणि बोटावरचा चिमटा स्वस्त झाला.

तो चिमटा वऱ्हाडांत घरोघर कसा पोंचला हें सांगावयास फारसे शब्द नकोत. सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली, आणि आरोग्यसेवक व आशा कार्यकर्त्या उष्णतामापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरूं लागल्या. ज्या घरांत ज्वरमापकसुद्धां नव्हता तेथें रक्तांतील प्राणवायूचा आंकडा बोलला जाऊं लागला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल महाराष्ट्रांत जेथें आधीं आणि तीव्रतेनें लागली त्यांत अमरावती व अकोला हे जिल्हे होते. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमरावती शहर, अचलपूर आणि अकोला येथें पुनः टाळेबंदी झाली. या रोगाचें एक कपटी लक्षण असें होतें कीं, रोगी बोलत आहे, चालत आहे, धाप फारशी नाहीं, आणि रक्तांतील प्राणवायु मात्र उतरत आहे. नाडी पाहून हें कळत नसे, चेहऱ्यावरूनहि कळत नसे. चौऱ्याण्णवच्या खालीं आंकडा आला कीं रुग्णालय गांठावें, असा नियम घरांतील वडील माणसांना पाठ झाला. अमरावतीचें इर्विन आणि अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय यांच्या वाटेवर त्या दिवसांत जीं माणसें वेळेवर निघालीं, त्यांपैकीं अनेकांना त्या लहानशा लाल प्रकाशानेंच उठविलें होतें.

येथवर ही यशाची कथा आहे. परंतु इतिहासकारानें यशाजवळ थांबूं नये.

हें यंत्र प्रकाशाचा जो हिशेब करतें, त्यावरून प्राणवायूचा आंकडा काढण्याचें कोष्टक केवळ सिद्धांतानें ठरलेलें नाहीं. निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी करून आणि तिची यंत्राशीं तुलना करून तें बसविलें जातें. मग स्वयंसेवक कोण होते हा प्रश्न आला. ते बहुतांशीं गौरवर्णी असले, तर सांवळ्या व काळ्या कातडीच्या माणसाचा आंकडा चुकण्याचा संभव राहतो, कारण कातडीतील रंगद्रव्यहि प्रकाश शोषून घेतें. ही शंका नवी नव्हती. १९९० सालींच अमेरिकेंतील संशोधकांनीं ती पुराव्यानिशी मांडली होती. परंतु तिच्याकडे जगाचें लक्ष गेलें तें डिसेंबर २०२० मध्यें, मिशिगन येथील मायकेल सियोडिंग व त्यांचे सहकारी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हां. यंत्रानें ब्याण्णव ते शहाण्णव असा आंकडा दाखविला असतां, प्रत्यक्ष रक्तांत अठ्ठ्याऐंशींच्याहि खालीं प्राणवायु असल्याचें गोऱ्या रोग्यांत शंभरांत सुमारें ३.६ वेळां आढळलें, तर कृष्णवर्णीयांत सुमारें ११.७ वेळां. म्हणजे यंत्र धीर देत होतें आणि रोगी बुडत होता, असें एका वर्णाच्या माणसांत दुसऱ्या वर्णापेक्षां तिप्पट वेळां घडलें.

हा अभ्यास अमेरिकेंतला आहे, आणि त्यांतील आंकडे जसेच्या तसे मेळघाटांतील कोरकू स्त्रीला किंवा मूर्तिजापूरच्या उन्हांत रापलेल्या शेतकऱ्याला लावणें शास्त्रीय होणार नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू आहे: माप कोणाच्या देहावर ठरविलें?

वऱ्हाडला हा प्रश्न नवा वाटूं नये, कारण कापसाच्या बाबतींत तो याच भूमीनें एकदां भोगला आहे. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हां इकडच्या कापसाकडे साऱ्यांची दृष्टि वळली. लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीचेंच तें अपभ्रष्ट रूप. पण तेथें भाव ठरे तो अमेरिकन लांब धाग्याच्या मापानें. आंखूड, परंतु कोरडवाहू जमिनींत तग धरणारा आपला तंतु त्या मापांत नेहमीं उणा भरे. कापसाचा गुण आणि कापसाचें माप हीं दोन असतात, आणि माप करणारा दूर असला कीं गुणाला न्याय मिळतोच असें नाहीं. कापसाच्या गांठींत पैशांचें नुकसान होतें. देहाच्या मापांत प्राणांचें होतें.

अशा वेळीं तंतूच्या इतिहासाचें शेवटचें प्रकरण महत्त्वाचें ठरतें. कॅनडाचे केनेथ हिल यांना १९७८ मध्यें असें आढळलें कीं, तीव्र प्रकाशाच्या योगानें कांचेच्या तंतूच्या आंतच अत्यंत बारीक, समान अंतरावरच्या पट्ट्या कायमच्या कोरल्या जातात. १९८९ मध्यें जेराल्ड मेल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाजूनें अतिनील प्रकाश टाकून हव्या त्या जागीं, हव्या तेवढ्या अंतराच्या पट्ट्या कोरण्याची रीत सिद्ध केली. अशी पट्टी एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश तेवढा परत फेंकते आणि बाकीचा पुढें जाऊं देते. तंतु ताणला कीं पट्ट्यांतील अंतर वाढतें आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. ताण किती सूक्ष्म असावा? तंतु दशलक्षांत एक भाग जरी लांबला, तरी १,५५० नॅनोमीटरच्या प्रकाशांत सुमारें १.२ पिकोमीटरचा फरक पडतो, आणि तो मोजतां येतो. छातीभोवतीं पट्टा बांधला तर प्रत्येक श्वास, आणि मनगटावर धमनीलगत ठेवला तर प्रत्येक ठोका या मोजमापांत उतरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्रा. अशोकन यांच्या गटानें अशाच तंतूनें मनगटाची नाडी टिपून तिच्या साहाय्यानें रक्तदाब मोजण्याचा प्रयोग २०१३ मध्यें प्रसिद्ध केला. वैद्याचीं बोटें जेथें टेंकत तेथेंच हा तंतु टेंकला, हा योगायोग मनोरम आहे.

या पद्धतींत प्रकाश कातडीतून जात नाहीं. तो तंतूच्या आंतच राहतो. कातडी हलली कीं तंतु हलतो, एवढाच संबंध. त्यामुळें कातडी गोरी कीं सांवळी हा प्रश्न श्वास व नाडी यांपुरता तरी उरत नाहीं. रक्तांतील प्राणवायु मोजावयाचा असेल तर मात्र प्रकाश रक्तापर्यंत गेलाच पाहिजे, आणि तेथें जुना प्रश्न पुनः उभा राहतो. दुसरा गुण असा कीं अंगावरच्या तंतूंत वीज नसते. चुंबकीय प्रतिमा घेण्याच्या यंत्रांत धातूची तार नेणें धोक्याचें असतें. तेथें रोग्याचा श्वास पाहण्यास असा तंतु सोयीचा. याच हेतूनें युरोपीय संघाच्या साहाय्यानें २००६ मध्यें ‘ऑफसेथ’ नांवाचा उपक्रम सुरू झाला आणि कापडांत प्रकाशतंतु विणण्याचे प्रयोग झाले.

आतां हें वस्त्र वऱ्हाडांत आणल्याची कल्पना करा. त्याची गरज आहे, यांत शंका नाहीं. मे २०२४ मध्यें अकोल्यांत उन्हाचा ताप इतका वाढला कीं जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचें कलम लावावें लागलें, आणि कामगारांना पाणी व पंखे पुरविण्याची सक्ति करावी लागली. उष्माघातांत देहाचें आंतलें तापमान चाळीस अंशांपलीकडे जातें, आणि पहिल्या तासांत मदत मिळणें न मिळणें यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. उन्हांत राबणाऱ्या मजुराच्या सदऱ्यांतील धागा वेळीं इशारा देईल, तर त्याहून उपकारक वस्त्र कोणतें? परंतु याच ठिकाणीं अकोल्याचें ऊन त्या तंतूची परीक्षा घेतें. तापमान एक अंश चढलें कीं तंतूंतील प्रकाशांत सुमारें दहा पिकोमीटरचा फरक पडतो. माणूस सांवलींतून उन्हांत आला आणि तंतु पंधरा अंशांनीं तापला, तर होणारा फरक दशलक्षांत सव्वाशें भागांच्या ताणाइतका भरतो. उष्णता आणि ताण हीं दोन्हीं तंतूला एकाच भाषेंत बोलतात. त्यांना वेगळें करण्यासाठीं शेजारीं दुसरी, न ताणली जाणारी पट्टी ठेवावी लागते, आणि ती केवळ उष्णतेचा हिशेब देते. युरोपांतील थंड प्रयोगशाळेंत जी दुरुस्ती किरकोळ, तीच येथें मुख्य होऊन बसते. घाम, धूळ, धुणें आणि वांकणें यांचाहि विचार आहेच. शिवाय तंतु स्वस्त असला तरी परतलेला प्रकाश वाचणारें यंत्र अजून महाग आहे. म्हणून हीं वस्त्रें मुख्यतः प्रयोगशाळांतच वावरत आहेत.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, हें माप तयार होऊन येण्याची वाट वऱ्हाडनें पाहूं नये. तें ठरविण्यांत भाग घ्यावा. साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे आणि कापसाच्या तंतूचें ज्ञान तेथें आहे. अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ आहे आणि महासाथीच्या काळांत त्याच्या प्रयोगशाळेनें रोगनिदानाचें काम केलें. दोन्ही नगरांत वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. मेळघाटांत बैरागड येथें डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनीं अनेक वर्षें केलेल्या सेवेनें हें दाखवून दिलें आहे कीं, तेथील माणूस वैद्याला दूर लोटीत नाहीं. वैद्यच त्याच्यापर्यंत जावयास हवा. या संस्थांनीं मिळून येथल्या कातडीवर, येथल्या मे महिन्यांत, कापूस वेचणाऱ्या बायांच्या आणि भार वाहणाऱ्या हमालांच्या संमतीनें हीं यंत्रें पारखलीं, तर तें कोष्टक केवळ वऱ्हाडच्या नव्हे, साऱ्या उष्ण देशांच्या उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. २०२१ च्या त्या दिवसांत ऑक्सिमीटरनें आंकडा सांगितला, पण रोग्याला खाटेपर्यंत नेलें तें शेजाऱ्यानें, आणि दारांत येऊन तो आंकडा वाचला तो आशाताईनें. मोजणारें वस्त्र इशारा देईल. तो इशारा ऐकून निघणारा माणूस आणि पोंचल्यावर उघडें असलेलें रुग्णालय हीं त्या कापडांत विणतां येत नाहींत. धारणीच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यांत धोक्याचा आंकडा लागला आणि वाहन सकाळीं येणार असलें, तर त्या आंकड्याचा उपयोग काय? म्हणून यंत्रावर होणाऱ्या खर्चाबरोबरच रस्त्यावर, वाहनावर आणि परिचारिकेवर होणारा खर्चहि याच विद्येचा भाग समजला पाहिजे. प्रकाशाला नाडी घेतां येऊं लागली आहे. ती घेतल्यावर जें करावयाचें तें अजून माणसांनींच करावयाचें आहे.